कुणीकडचा कान

१७ नोव्हेंबर
वैशूचा फोन. लेक परभणीला शाळेत इंग्रजी शिकवते आणि उरलेल्या वेळात बापाला शिकवते. साठीच्या आत इंग्रजी पेपर वाचायचा असं मी ठरवलंय, अडीच वर्षं हातात आहेत. पंधरा दिवसांना एक शब्द. ह्या वेळचा : डिस्टिंग्विश. तोंडात बसवायलाच दोन दिवस जाणार. वहीत नुसतं डि. लिहीन.
अर्थ : फरक ओळखणे. "एवढाच?" म्हटलं. "चार अर्थ आहेत आण्णा, एकदम मागू नका. पचू द्या."
आज पलीकडच्या वाडीत वीस मेंढ्या पाहिल्या, अकरा घेतल्या. दोघींच्या छातीत बारीक घरघर होती. मालक म्हणे, कुठाय घरघर? त्याला ऐकू येत नव्हती. मला येत होती. त्या दोन सोडून आलो.

१८ नोव्हें.
डि. चं पहिलं वाक्य : आय कॅन डिस्टिंग्विश अ शीप फ्रॉम अ गोट. वैशूला पाठवलं. खो खो हसली. "शेळी-मेंढी तर कुणीही ओळखेल आण्णा. जिथं दोन गोष्टींची सहज मिसळ होते आणि तरी तुम्हाला कळतं, तिथं डि. शोभतं."
मग दुसरं केलं : आय कॅन डिस्टिंग्विश माय शीप बाय व्हॉइस. ह्याला शाबासकी. खरंही आहे. दहा वर्षांचा होतो तेव्हापासून दुसऱ्याच्या मेंढ्या राखल्या. डोळे झाकून सांगायचो कोण ओरडली, भुकेनं का भेवानं. त्या कानावरच पुढं मेंढ्यांच्या खरेदी-विक्रीचा धंदा उभा केला. लोक पंच म्हणून बोलावतात तेही त्याच्यावरच.
वापरायची रीत दोन. 'फ्रॉम' घातलं की एकातून दुसरं वेगळं काढायचं. 'बिट्वीन' घातलं की दोघांच्या मधी उभं राहून ओळखायचं. कलाला, म्हणजे आमच्या घरच्यांना, हे समजावून सांगितलं. भाकरी थापता थापता म्हणाली, "मधी हुबं ऱ्हाणाराला दोन्हीकडनं ढुशा."

२० नोव्हें.
भानगड आली. लिहून ठेवतो, म्हणजे नंतर डोक्यात मिसळ होणार नाही.
परवा गंगारामचा कळप येलदरीच्या धरणाकडून परत येत होता. दोनशेच्या वर मेंढ्या. गंगाराम आपल्यातला, माझ्या चुलतभावाचा साडू. रस्त्यावर सुमनबाई तिच्या अकरा मेंढ्या घेऊन उभी. सुमनबाई बुद्धवाड्यातली, नवरा पुण्याला कामाला, मेंढ्या तिच्या एकटीच्या. तेवढ्यात उसाची ट्रॉली आली, ड्रायव्हरनं गाणं वाजणारा भोंगा दाबला. दोन्हीकडची मेंढरं उधळली, एकमेकांत शिरली.
संध्याकाळपर्यंत निवडून झाली. एक राहिली. काळ्या तोंडाची, दूध असलेली. दोघंही म्हणतात माझी. दोघांचीही मोजणीत एक-एक कमी, आणि दोघांचीही काळ्या तोंडाचीच. म्हणजे दोघींपैकी एक कुठंतरी गेली, ओढ्यात, लांडग्याला, नाहीतर ट्रॉलीत. आणि एक इथं उभी आहे. ती त्यातली कोणती, हा सवाल.
गंगारामच्या घराण्याची खूण म्हणजे उजव्या कानाला खाच. हिचा उजवा कान नेमका तिथंच फाटलाय. ताजा. बाभळीत अडकला असंल. खाच होती का नव्हती, देव जाणे. सुमनबाईच्या मेंढ्यांना खूणच नाही. विचारलं तर म्हणे, "अकराला खाच कशाला मामा? मी काय इसरायलेय का त्यान्ला?"
तूर्त मेंढी गंगारामच्या कळपात. रविवारी सकाळी मी फैसला करायचा.

२३ नोव्हें., रविवार
झाला फैसला. पाव तासात.
जुनी रीत. मेंढ्या जाळीच्या वाघुरीत एका बाजूला, कोकरं दुसऱ्या बाजूला धरून ठेवायची. एकदम सोडायची. एकच कालवा होतो, आणि त्या कालव्यात प्रत्येक कोकरू आपली आई बरोबर काढतं. मेंढी परक्या कोकराला जवळ येऊ देत नाही, डोकं मारून उडवते. ह्यापेक्षा पक्की गवाही कोणती?
गंगारामनं एक कोकरू दाखवलं, हे तिचं म्हणे. पंधरा कोकरं सोडली. ते बरोबर काळ्या तोंडाचीकडं गेलं, तिनं हुंगलं, ती ओरडली, ते खाली शिरून प्यायला लागलं. शेपूट हलवत. मी म्हटलं, मेंढी गंगारामची.
सुमनबाई म्हणे, "मव्ह्या मेंढीचं कोकरू आठ दिवसाखाली मेलं मामा. म्हणून तिला दूध हाय."
म्हटलं, "दूध कुणालाबी असतंय. पाजती कुणाला ते बगायचं."
"मला एकडाव हाक मारू द्या तिला."
मी म्हणालो, "सुमनबाई, ती काय कुत्रं हाय का हाकंला याया?"
सगळे हसले. गंगारामचा मेहुणा तर खाली बसून हसला. ती हसली नाही. जाताना म्हणाली, "तुमी कान लावलात मामा. पर कुणीकडचा लावलात?"
म्हणू द्या. हरलेला माणूस काही ना काही म्हणतोच.
संध्याकाळी वैशूनं दुसरा अर्थ पाठवला. डि. च्या पुढं स्वतःला लावलं की नाव काढणे, चारचौघांत उठून दिसणे. लगेच वाक्य केलं : सोपान डिस्टिंग्विश्ड हिमसेल्फ. कलाला वाचून दाखवलं, अर्थ सांगितला. "सोताच सोताचं?" म्हणाली. "ते तर रोज करताव."

२६ नोव्हें.
तिसरा अर्थ. वेगळेपण दाखवणारी खूण. 'व्हॉट डिस्टिंग्विशेस गंगाराम्स शीप इज द इअर.' ह्याच्यात माणूस ओळखत नाही, खूणच ओळख देते. वैशूनं स्पेलिंगा दुरुस्त केल्या.
तिला विचारलं, खूणच फाटून गेली तर? मग ती वस्तू त्या जातीची राहते का नाही?
"आण्णा, हे डिक्शनरीत नाही."
थंडी पडायली. हरभरा फुलावर आलाय. दोन मेंढे पूर्णेच्या गिऱ्हाइकाला दिले, गाडी वेळेवर आली नाही, तासभर रस्त्यावर मेंढ्यांबरोबर उभा.

२९ नोव्हें.
जिंतूरचा बाजार. नको ते ऐकलं.
मी ताडपत्रीच्या अल्याड चहा पित होतो. पल्याड गंगारामची बायको रुक्मिण तिच्या बहिणीबरोबर बोलायलेली. मी आहे हे तिला माहीत नाही. शब्द जसे कानावर पडले तसे लिहितो :
"ती काळ्या तोंडाची बगितलीस का, जिच्यावरून झमेला झाला? पयल्या दिशी कोकराला जवळच घेईना बग. डोकं हाणायली नुसती."
"आगं, कामून?"
"बुजली आसंल भोंग्यानं. म्या मग तिचंच दूध पिळलं आन कोकराच्या अंगाला चोळलं, पाठीला, शेपटाला. तीन रात्री तिचा पाय बांधून ठिवला खुट्याला. तवा कुठं लागली. आता बग, सोडत न्हाई त्याला."
बहीण म्हणे, "हाताला गुण हाय बाई तुझ्या."
चहा तसाच राहिला.
पोरक्या कोकराला परकी मेंढी लावायची हीच रीत. दूध चोळणं, पाय बांधणं. मी स्वतः पन्नास वेळा केलीय. रुक्मिणनं लबाडी केली नाही. तिला वाटलं मेंढी आपली, बुजलीय, कोकरू उपाशी मरंल. गंगाराम त्या तीन दिवसांत नांदेडला, त्याला तर हे ठाऊकही नसंल.
म्हणजे मी रविवारी पाहिलं ते आई-लेकरू नव्हतं. नव्हतं असंही नाही. असेलही. बुजलेली मेंढी स्वतःच्या लेकरालाही मारते कधी कधी. पण माझी गवाही गेली. पाव तासाचा फैसला पाण्यात.

३० नोव्हें.
रात्रीची भाकरी अर्धी ठेवली. कला म्हणे, पोट बिघडलं का. सांगितलं तिला सगळं. ऐकून म्हणाली, "कुणाला म्हाईत हाय? तुमाला, मला. रुक्मिणला तर तिनं काय सांगितलं ह्येच म्हाईत न्हाई." जरा वेळानं, "तुमच्या कानाचं कवतिक तेवढं जाईल. बाकी काय जायाचं न्हाई." हे ती कुठल्या बाजूनं म्हणाली ते कळलं नाही. विचारलंही नाही.
चौथा अर्थ आला आज. ताण देऊन, मोठ्या मुश्किलीनं दिसणं किंवा ऐकू येणं. धुक्यात माणूस ओळखणं. गोंगाटात एक आवाज वेगळा काढणं. वैशूचं वाक्य : 'आय कुड हार्डली डिस्टिंग्विश हर व्हॉइस.'
हे वाचलं आणि रविवारचा कालवा कानात आला. खरी आई कोकरू लांब असतानाच उत्तर देते. त्यानं ओरडायचं, हिनं ओरडायचं, मग ती दोघं भेटणार, मग हुंगणं. त्या दिवशी कोकरू ओरडलं. ती गप्प. ते जवळ आलं. तरी गप्प. तिनं पाठ हुंगली, शेपूट हुंगलं, आणि मग ओरडली.
हे मला त्याच दिवशी ऐकू आलं होतं. २३ तारखेला लिहितानाही हात बरोबर चाललाय, वर वाचून पाहिलं : हुंगलं, ती ओरडली. कानानं काम केलं होतं. मीच पुढं निघून गेलो.

२ डिसेंबर
वैशूला फोन केला. शब्द राहू दे म्हटलं, एक गोष्ट ऐक. सगळं सांगितलं. शेवटी :
"आण्णा, तुम्ही सुमनमावशीला हाक का मारू दिली नाही?"
"मेंढी हाकेला येत नसती."
"येत नाही हे तुम्हाला माहीत होतं का वाटत होतं?" आणि लगेच पुढं :
"गंगारामकाकांनी म्हटलं असतं, मला एकदा हाक मारू द्या, तर?"
खरं सांगायचं तर दिली असती मारू. हसलो असतो, पण दिली असती. तसं तिला सांगितलं.
मग म्हणाली, "मग त्या दिवशीचा शब्द वेगळा आहे. लिहून घ्या." डिस्क्रिमिनेट. पूर्वी हाही डि. सारखाच चांगला शब्द होता म्हणे, बारीक फरक जाणणारा तो मोठा माणूस. अजूनही त्या अर्थानं चालतो, पण कमी. आता बहुतेक वेळा 'अगेन्स्ट' लावून येतो. कुणाच्या तरी विरुद्ध. एकाला एक रीत, दुसऱ्याला दुसरी.
मी म्हटलं, मी तसल्यातला नाही. त्यांच्या घरचं पाणी पितो, लग्नाला जातो. गेल्या साली सुमनबाईच्या नवऱ्याला दवाखान्यात मीच नेलं.
"माहितीय आण्णा. मी तुम्हाला तसल्यातले म्हणाले का? मी फक्त शब्द सांगितला."
पोरगी बापाच्या वर गेली. शिकवलं त्याची फळं.

४ डिसें.
सुमनबाईच्या घरी गेलो. दहा मेंढ्या पत्र्याच्या सावलीत. तिनं पाणी दिलं, बसा म्हणाली, पण स्वतः बसली नाही.
रुक्मिणचं नाव न घेता सांगितलं : कोकरू लावून घेतलेलं असू शकतं. मला रविवारी कळायला पाहिजे होतं. आणि तुमची हाक ऐकायला पाहिजे होती.
तिनं ऐकून घेतलं. मी म्हटलं, ह्या दहा येतात का हाकेला?
ती मेंढ्यांकडं वळली. मोठ्यानं नाही, घरातल्या घरात बोलावं तसं, "सरपंचीणबाई, ये." एक उठून आली. बाकी नऊ बसलेल्या. "हिला सरपंचीण म्हंत्यात. कुणातबी मिसळत न्हाई, म्होरं म्होरं चालती." मग "मास्तरीण" म्हणाली, दुसरी आली. पुढं "खोकलीबाई". ती खरंच खोकत आली. मला हसू आलं, तिलाही जरा आलं, लगेच गेलं.
पन्नास वर्षं मेंढरात काढली. मी त्यांचा आवाज ओळखत होतो. त्या माझा ओळखतात का, हे कधी पाहिलंच नाही. आमच्याकडं दोनशे-अडीचशेचे कळप. एकेकीला नाव कोण ठेवणार? कळप शिट्टीवर चालतो. अकरा मेंढ्यांचं घर वेगळं असतं, हे मला सुचलंच नाही.
विचारलं, "आन काळ्या तोंडाचीचं नाव?"
"ते आता कामून? त्या दिशी इचारलं असतं तर सांगितलं असतं."
बरोबर आहे.
म्हटलं, "येत्या रविवारी पुन्यांदा जमायचं. सगळ्यांसमोर मी सांगणार की मागचा फैसला अर्धवट ऐकून केला. तुमी हाक मारायची. मेंढी तुमालाच मिळंल असं मी सांगत न्हाई सुमनबाई. आली तर आली."
"आन न्हाई आली तर? कोकरू लागलंय तिला आता. लेकराला सोडून याया लागती व्हय कुणी?"
उठलो. दारापर्यंत आली आणि म्हणाली, "एक सांगा मामा. दावं घिऊन येऊ का रिकामी येऊ?"
घेऊन या म्हटलं तर आधीच फैसला दिल्यासारखं. रिकाम्या या म्हटलं तर तेच, उलटं. उभा राहिलो. कुत्रं भुंकायलं, तेवढ्यावर निभावलं. न बोलता निघालो.

५ डिसें.
गंगाराम. त्याच्याशी बोलायचं काम जास्त अवघड.
"मामा, आपल्या माणसाला खोटं पाडायलात?"
"तुला न्हाई, मला पाडायलोय."
"एकच झालं. लोकं काय म्हंतील? गंगारामनं मेंढी दाबली."
त्याला कोकराची गोष्ट सांगितली. रुक्मिणला हाक मारली त्यानं. ती बाहेर आली, ऐकून तिचं तोंड उतरलं. "म्या तर जीव जगवाया केलं वो मामा." म्हटलं, बाई, चूक तुझी नाही, तू बरोबरच केलंस. चूक ओळखणाराची.
"आन ती हाकंसरशी गेली, तर कोकराचं काय?" रुक्मिणनं विचारलं. "दोनदा पोरकं व्हईल ते."
पंचाच्या कामात हे येत नाही. पण येतं.
गंगाराम बराच वेळ वाघुरीची गाठ सोडत-बांधत बसला. मग म्हणाला, "दोनशेतली एक मामा. तिचं काय न्हाई. पर मला लबाड ठरवून गेली तर दोनशेबी गेल्या." म्हटलं, म्हणूनच तर पुन्हा जमायचं. पुढं त्यानं अटी घातल्या : सगळा कळप आत राहील, तिला वेगळी काढायची नाही. बाईनं वाघुरीच्या बाहेरून हाक मारायची. एकदाच. मेंढी आपली आपण जाळीपाशी आली पाहिजे. सुमनबाईला निरोप धाडला. "चालंल" म्हणे. दुसरं काही नाही.
दोनशेच्या कालव्यात एक हाक. अट कडक आहे. पण मागच्या वेळी मी एवढीही दिली नव्हती.
वैशूला विचारलं, आता ह्याच्यात कोणता शब्द बसतो? म्हणाली, "रविवारनंतर सांगा, मग बघू."

७ डिसें., रविवार, सकाळ
वाघुरीपाशी, मोटारसायकलवर बसून लिहितोय. वही आणली, म्हणजे नंतर आठवणीवर भरोसा नको.
धुकं. हरभऱ्यावरनं हलत नाही. कळप आत, पाठीला पाठ लावून उभा. काळ्या तोंडाची कुठंय, मलाही इथनं दिसेना. रुक्मिण कोकरू मांडीवर घेऊन बसलीय, त्याच्या तोंडावर पदर धरून, ओरडू नये म्हणून. तिला कुणी सांगितलं नव्हतं. गंगाराम माझ्याकडं पाहत नाही. मेहुणा आलाय, मागच्या वेळी बसून हसला तो. आज त्याला आधीच सांगून ठेवलं, हसायचं नाही.
लोकांसमोर बोललो. मागचा फैसला एका बाजूचं ऐकून केला, चूक माझी, गंगारामची नाही. चार वाक्यं. वाटलं होतं लोक कुजबुजतील. एक म्हातारा म्हणाला, "चला, आता थंडी वाजायली, बोलवा बाईला."
कलाही आली. घरून निघताना म्हणाली होती की मला भाकरी टाकायच्यात. आता पाहतो तर बायांत उभी, डोक्याला शाल.
ओढ्यापल्याड कुणीतरी चाललंय. एकटंच. पाऊल सावकाश. चपलेचा आवाज सुमनबाईचा वाटतो.
हातात दावं आहे का नाही, धुक्यातून अजून कळत नाही.